शब्दाचं सगळं खानदान

पांढुर्ण्यात माणूस भांडतो मराठीत, रडतो मराठीत, पण त्याचा अर्ज हिंदीत जातो. राज्य मध्य प्रदेश आणि घरातली बोली नागपुरी-वऱ्हाडी, त्यात इथे कोणाला काही विशेष वाटत नाही. तहसील कचेरीसमोर गुणवंताभाऊंचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर मोनाली सोमकुवर बसायची. समोरचा माणूस जसं आठवेल तसं सांगत सुटायचा आणि मोनालीची बोटं त्याच्या मागोमाग चालायची. "माह्या धुऱ्यावरचं झाड तोडलं न् त्यानं," एवढं तो म्हणेपर्यंत पडद्यावर 'प्रार्थी के खेत की मेड़ पर स्थित वृक्ष को अनावेदक द्वारा काट दिया गया' असं उमटलेलं असायचं. माणूस बघत राहायचा. आपलंच दुःख इतक्या भारी कपड्यांत त्याने कधी पाहिलेलं नसायचं.

"पोट्टीच्या डोक्यात दोन नळ हायेत," गुणवंताभाऊ गिऱ्हाइकांना सांगायचे. "इकडून मराठी येते, तिकडून हिंदी जाते. मंधात थेंब सांडत नाही."

नळाची गोष्ट ते मुद्दाम काढत, कारण मोनालीचे वडील उत्तम सोमकुवर नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला होते. कोणत्या वस्तीला केव्हा पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात, म्हणून अख्खं गाव त्यांना ओळखायचं. रविवारी ते विहारात मुलांपुढे बोलायचे. अंगारे-धुपारे, बुवाबाजी यांवर त्यांची जीभ विशेष चालायची. आई सुमन संत्र्याच्या हंगामात तोडणीला जायची, एरवी घरी शिलाई करायची. मोठा भाऊ कुणाल कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर होता. मोनाली बी.ए. झालेली, सत्तावीस वर्षांची. तिच्या लग्नाचं बोलणं दोन-तीन ठिकाणी चाललेलं.

पांढुर्णा जिल्हा झाला आणि कचेऱ्या वाढल्या, कचेऱ्यांबरोबर अर्ज वाढले. दुकानात बसायला जागा पुरेना. चार माणसं एकदम बोलायची, बाहेर गाड्या हॉर्न मारायच्या आणि झेरॉक्सचं मशीन कधी थांबायचंच नाही. मोनाली डबा उघडायची आणि दोन घासांवर बंद करायची.

बदल नेमका कुठून सुरू झाला हे घरात आजही कोणाला नीट सांगता येत नाही. सुमनबाई म्हणतात, ती उभ्यानं जेवायला लागली तेव्हापासून. कुणाल म्हणतो, ती फोन उचलून काही न बोलता ठेवायला लागली तेव्हापासून. मोनाली स्वतः म्हणते, पाटीपासून.

एका नव्या कचेरीवर पाटी लागली होती, 'शिक्षा विभाग'. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. इथलं प्रत्येक पोर पहिलीत या शब्दाला एकदा खो-खो हसतं आणि मग विसरून जातं. हिंदी वाचताना मराठी अर्थ आपोआप मागे सरतो. मोनालीचाही इतकी वर्षं सरत होता. त्या उन्हाळ्यात तो सरेनासा झाला. पाटी दिसली की दोन्ही अर्थ एकदम उभे राहायचे, दोघंही सारख्याच जोरात. इथे शिक्षण मिळतं. इथे शिक्षा मिळते. कोणाला? आणि पाटी आपल्याच जाण्या-येण्याच्या रस्त्यावर का लावली? तिने रस्ता बदलला. दुसऱ्या रस्त्यावर बस उभी असायची आणि कंडक्टर ओरडायचा, "खाली है, खाली है!" सीट रिकामी आहे असं तो म्हणत होता. मोनाली खाली जमिनीकडे पाहायची, तिथे काय आहे ते शोधायला.

हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही घडतंय असंच तिला वाटत नव्हतं. सगळ्यांनाच असं दिसत असणार, सगळे उगाच गप्प आहेत, एवढंच तिला वाटे. आणि त्या गप्प राहण्याचा तिला राग यायचा.

मग शकुबाई आली. नदीपलीकडच्या सावरगावची म्हातारी, नवरा गेलेला, विधवा पेन्शनचा अर्ज करायचा होता. लिहिता-वाचता येत नव्हतं. मोनालीने ऐकलं, टाईप केलं, कागद हातात दिला. म्हातारी तो घेऊन कचेरीत गेली आणि थोड्या वेळात परत आली. पदर तोंडावर धरलेला. खिडकीवरच्या माणसाने अर्ज मोठ्याने वाचला होता आणि रांग हसली होती.

"बाई," शकुबाई म्हणाली, "माह्या नवऱ्याच्या मरणात नदी कुठून आली वं?"

गुणवंताभाऊंनी कागद घेतला. वरचा पत्ता बरोबर होता, नाव बरोबर होतं. पुढे लिहिलं होतं, 'प्रार्थिनी के पति का देहांत हो चुका है। देह का अंत, अंत का अंतर, अंतर सावरगाँव से नदी तक, नदी जाम है, जाम खुलवाने की कृपा करें।'

जाम नदी सावरगाव आणि पांढुर्ण्याच्या मधून वाहते, हे सगळ्यांना माहीत. पण तिचं इथे काय काम?

"मोनाली, हे काय लिहिलं?"

तिने कागद नीट वाचला. "बरोबर तर आहे, भाऊ."

"बरोबर आहे?"

"एक शब्द दुसऱ्याचा हात धरून राहिला. तुम्हाले दिसत नाही का?" ती चिडून म्हणाली. "मी कोणाले कोणापासून तोडू?"

गुणवंताभाऊंनी तिच्या हातून कागद घेतला. त्यांनी खुर्ची ओढली, अर्ज स्वतः टाईप केला, म्हातारीला चहा पाजला. संध्याकाळी ते उत्तमरावांना पाण्याच्या टाकीजवळ गाठून म्हणाले, "दादा, पोरीले चार दिवस आराम द्या. थकली ती."

'थकली' हा शब्द उत्तमरावांनी घट्ट धरून ठेवला. पोरगी थकली. गावातल्या एका डॉक्टरने ताकदीच्या गोळ्या दिल्या, त्याही थकव्याच्याच. मोनाली घरी बसली आणि घरात फेऱ्या मारायला लागली. दारापासून मोरीपर्यंत, मोरीपासून दारापर्यंत. बसवलं की उठायची. टीव्ही लावला की बंद करायची, कारण बातम्या सांगणारी बाई वाक्य संपवते आणि त्यातला एखादा शब्द मागे ठेवून जाते, असं तिचं म्हणणं.

सुमनबाईंनी एक गोष्ट पाहिली. लसूण सोलताना मोनालीचे ओठ हलत होते. आवाज नाही, नुसते ओठ आणि गळ्याची घाटी.

"कोणाशी बोलून राहिली, माय?"

"मी नाही बोलत. ते बोलून राहिले."

"कोण?"

"कचेरीतले." आणि मग मोनालीने एकदम सरकारी हिंदीत सांगितलं, "प्रार्थिनी लहसुन छील रही है। प्रार्थिनी को सूचित किया जाता है कि उसका उत्तर संतोषजनक नहीं है।"

सुमनबाईंना हिंदी कळत होती, पण अंगावर काटा आला तो हिंदीमुळे नाही. ज्या भाषेत मुलगी इतकी वर्षं लोकांचे अर्ज लिहीत होती त्याच भाषेत कोणीतरी आता तिच्यावर कागद काढत होतं.

शेजारच्या बाईने जामसांवलीला न्यायला सांगितलं. हनुमानाचं तिथलं देऊळ अशा माणसांसाठी प्रसिद्ध आहे, लांबलांबून लोक येतात. उत्तमरावांनी ऐकताच हात झटकला. "आपल्या घरात हे चालत नाही, सुमन. तुले माहीत आहे."

"मंग दवाखान्यात न्या. डोक्याच्या डॉक्टरकडे."

"डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं की लोक काय म्हणतीन? उद्या पोरीचं लग्न करायचं आहे."

कुणालही तिथेच जेवत होता. "बाबा, तुम्ही विहारात लहान लहान पोराइले सांगता, विज्ञान धरा म्हणून. मंग आता कायले घाबरून राहिले?"

उत्तमराव ताटावरून उठले. तिला देवळात न्यायचं नाही आणि दवाखान्यातही न्यायचं नाही, असा तो आठवडा गेला.

शेवटी सुमनबाई एका सकाळी कोणाला न सांगता मोनालीला घेऊन बसमध्ये बसल्या. सौंसरला उतरून जामसांवलीला गेल्या. देवळाच्या आवारात खूप माणसं होती, आणि त्यांत मोनालीसारखी बरीच. कोणी डोलत होतं, कोणी पुटपुटत होतं, कोणी नुसतं बसून होतं. प्रत्येकाच्या शेजारी एक आई किंवा बायको किंवा भाऊ, हातात पाण्याची बाटली धरून. सुमनबाई भिंतीला टेकून बसल्या आणि कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं, आपण एकट्याच नाही म्हणून. शेजारी काटोलकडची एक बाई मुलाला घेऊन बसली होती.

"किती दिवसांपासून आहे वं?" तिने विचारलं. सुमनबाईंनी सांगितलं.

"आम्ही इथी दरवर्षी येतो," बाई म्हणाली. "अन् नागपूरच्या गोळ्याही चालू हायेत. माहा पोरगा आता दुकानात बसते. देवाले मानायचं तर माना, पण गोळी सोडू नका." तिने नागपूरच्या डॉक्टर सायली यांचं नाव सांगितलं.

त्या घरी आल्यावर उत्तमराव बायकोवर ओरडले, मग डॉक्टरचं नाव ऐकून नरमले. पोळा झाला की बघू, म्हणाले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारतात, वर्षानुवर्षांची प्रथा, त्यामुळे आधीपासूनच बंदोबस्त लागतो आणि भोंगा लावलेला ऑटो गल्लीबोळांतून फिरतो. 'सभी नागरिकों को सूचित किया जाता है...' त्या दुपारी ऑटो सोमकुवरांच्या गल्लीत आला. सुमनबाई मागे कपडे वाळत घालत होत्या. मोनाली दारात उभी होती. इतके दिवस जे आतून ऐकू येत होतं ते आता बाहेरून, सगळ्या गल्लीला ऐकू येत होतं, त्याच शब्दांत. पुढे ऑटोवाला दगड, दारू आणि पार्किंगबद्दल बोलला. पण मोनालीला तिचंच नाव ऐकू आलं. तिने चपला घातल्या, स्टेशन गाठलं आणि आमल्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये चढली. पुढच्याच स्टेशनवर, तिगावला, उतरली.

गल्लीतल्या एका माणसाने तिला गाडीत चढताना पाहिलं होतं, त्याने कुणालला फोन केला. कुणाल जिनिंगमधून तसाच निघाला, वाटेतलं एक-एक स्टेशन बघत जायचं ठरवून. मोटरसायकलवर, अंगभर कापसाचे तंतू. तिगावच्या प्लॅटफॉर्मवर मोनाली बाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होती आणि परत फिरत होती.

"मोना! इथी काहून उतरली?"

"तिगाव," ती चालता चालता म्हणाली. "तीन गाव. तिसरं कोणाचं? माह्यापाशी तिकीट नाही, तिकीट, तिकट, तिखट, आईनं तिखट कुटलं का, कुटलं, कटलं, पतंग कटली, कोणाची कटली, दादा, माही कटली का?"

कुणाल सांगतो, त्या क्षणी त्याला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. मशीनवर काम करणारा माणूस तो. पट्टा घसरला तर मशीन बंद करायचं, एवढं त्याला माहीत. इथे बंद करायला बटन नव्हतं. पण त्या सगळ्या घसरणीत त्याला एक धड वाक्य ऐकू आलं होतं. त्याने तेवढंच धरलं.

"तिखट कुटलं ना," तो हळू म्हणाला. "आईनं कालच कुटलं."

मोनाली थांबली.

"तुह्यासाठी कमी तिखटाचं वेगळं ठेवलं," कुणाल म्हणाला. "घरी चाल. भाकर खाऊ."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या शर्टवरचा कापूस एक-एक करून काढायला लागली. तेवढा वेळ ती एका जागी उभी राहिली. कुणाल हललाही नाही.

दुसऱ्या दिवशी चौघंही नागपूरला गेले. उत्तमराव सगळ्यांत पुढे चालत होते.

दवाखान्यात आधी एक तरुण डॉक्टर भेटला, राजस्थानकडचा. त्याने हिंदीत विचारलं, ट्रेनमध्ये काय झालं. मोनाली म्हणाली, "मैं चढ़ी, खाली बैठी, लोग मेरेको देखून राहिले थे." त्याने पटकन काहीतरी लिहिलं. डॉक्टर सायलींनी ते वाचलं आणि कुणालला विचारलं, "हे 'देखून राहिले थे', हे असं घरी बोलता का तुम्ही?"

"मॅडम, ते बिमारी नाही," कुणाल म्हणाला. "ते पांढुर्णा आहे. आमचे सगळेच असं बोलते."

डॉक्टर हसल्या, त्यांनी ते लिहिलेलं खोडायला लावलं. मोनालीही हसली. घरच्यांनी तिला कितीतरी दिवसांनी हसताना पाहिलं.

मग डॉक्टर तिच्याकडे वळल्या. "मी वाक्य अर्धं सोडते, तू पूर्ण कर हं. आईने दूध तापायला ठेवलं, लक्ष नव्हतं, आणि दूध..."

"उतू," मोनाली म्हणाली. बरोबर होतं. सगळ्यांनी श्वास सोडला. "उतू, उतार, उत्तर, उत्तम. बाबाचं नाव उत्तम. बाबा उतू गेले."

उत्तमरावांनी मान खाली घातली.

मोनालीला बाहेर कुणालसोबत बसवून डॉक्टरांनी आई-वडिलांना आजाराचं नाव सांगितलं. स्किझोफ्रेनिया.

"म्हणजे एका माणसात दोन माणसं?" उत्तमरावांनी विचारलं.

"ते सिनेमात. हे तसं नाही."

"भाषा विसरली का ती, मॅडम? बोलण्यातच तर हुशार होती."

"भाषा शाबूत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही ऐकलं ना, उच्चार नीट, शब्द खरे, व्याकरणही बरंचसं नीट. अडचण दुसरीकडे आहे. तुम्ही-आम्ही वाक्य ऐकतो तेव्हा पुढचा शब्द कोणता येणार याचा मेंदू आधीच अंदाज बांधून ठेवतो. दूध म्हटलं, लक्ष नव्हतं म्हटलं, की 'उतू गेलं' दाराशी उभंच असतं. आणि जे शब्द इथे नको आहेत, नुसते आवाजाने जवळचे आहेत, किंवा ज्यांचा अर्थ इथला नाही, त्यांना मेंदू गुपचूप बाजूला करतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. तिच्या मेंदूत ते बाजूला करणं ढिलं पडलंय. वाक्याची पकड सैल झाली की शब्द शब्दाला ओढतो. तुमच्याकडे तर प्रत्येक शब्दाला दोन-दोन भाषांतले अर्थ. गर्दी होणारच."

"मंग हिंदी-मराठीमुळं झालं का हे?"

"नाही, नाही. दोन भाषांमुळे हा आजार होत नाही. झालेला आजार त्या दोन भाषांतून दिसतोय, एवढंच."

सुमनबाईंनी तेव्हा ओठांची गोष्ट सांगितली. लसूण, हलणारी घाटी, कचेरीतली हिंदी. डॉक्टर खुर्चीत पुढे सरकल्या.

"बरं झालं सांगितलंत. बघा, आपण सगळेच मनात बोलतो. बोलायच्या वेळी मेंदू स्वतःलाच एक खूण पाठवतो, की हा आवाज माझाच आहे, दचकू नको. ती खूण नीट पोचली नाही तर आपलंच मनातलं बोलणं परक्याचं वाटू शकतं. काही पेशंटमध्ये आवाज ऐकू येत असताना ओठ, गळा बारीक हलताना सापडतात. सगळ्यांमध्ये नाही. आणि अजून पुष्कळसं आम्हालाही कळलेलं नाही, खोटं कशाला सांगू. पण ती जे ऐकते ते ती मुद्दाम बनवत नाही. तिला ते खरंच ऐकू येतं."

 उत्तमराव म्हणाले, "मी तिले थकली म्हणत होतो."

"आता गोळ्या वेळेवर द्या," डॉक्टर म्हणाल्या. "घरात एका वेळी एकानेच बोला. वाक्यं छोटी ठेवा. टीव्ही चालू ठेवून महत्त्वाचं काही सांगू नका. आणि ती भरकटली तर रागवू नका. जेवढं समजलं तेवढ्याला उत्तर द्या."

"ते मी काल केलं," कुणाल मागून म्हणाला. तो केव्हा आत आला ते कोणाला कळलं नव्हतं. मोनाली त्याच्या मागेच उभी होती.

"मले विचारा ना," ती डॉक्टरांना म्हणाली. "माह्या डोक्यातलं त्याइले कायले विचारता?"

"सांग. कसं होतं?"

मोनालीने दोन्ही हात कपाळाजवळ नेले, जणू काही दाखवायचं होतं. "एक शब्द बोलवला की त्याचं सगळं खानदान येते. मामा, मावशी, साळे, जावई, सगळे. अन् सगळे संगच बोलते. मी कोणाले म्हणू तू बाहेर जा?"

डॉक्टरांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

पहिल्या गोळीने आवाज दूर गेले, पण पाय थांबेनात. खुर्चीत बसली तरी टाचा आपटत राहायच्या, उभी राहिली तर वजन या पायावरून त्या पायावर. आतून कोणी तरी ढकलतंय असं वाटे. डॉक्टरांनी गोळी बदलली. दुसऱ्या गोळीने पाय थांबले, झोप वाढली, अंग सुटलं, आणि शब्द यायचेच बंद झाले. सुमनबाई विचारायच्या, भाजी कोणती करू? मोनाली तोंड उघडायची आणि बसून राहायची. "पहिले गर्दी होती," ती कुणालला म्हणाली, "आता एकही नाही येत. दार उघडं ठेवून बसली मी."

संत्र्याचा हंगाम आला, आई तोडणीला गेली, आणि मोनालीने कोणाला न सांगता गोळी सोडली. तिला तिचे शब्द परत हवे होते. ते आले, आणि त्यांच्याबरोबर कचेरीही आली. 'प्रार्थिनी को अंतिम सूचना दी जाती है।' या वेळी ती गावाबाहेर गेली नाही. पाणी सोडायच्या ठिकाणी वडिलांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, ते परत आले."

उत्तमरावांनी हातातली चावी खाली ठेवली. त्या वस्तीला त्या दिवशी पाणी मिळालं नाही, बायका हंडे घेऊन भांडायला आल्या, आणि बाप-लेक तोपर्यंत नागपूरच्या गाडीत बसलेले होते.

गोळीचं प्रमाण कमी-जास्त करत एक जागा सापडली. बरी म्हणावी अशी. आवाज पूर्ण गेले नाहीत, पण बंद खोलीत कोणी बोलत असावं तसे झाले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आवाज सुरू झाले की गुणगुणून बघ, किंवा काहीतरी मोठ्याने वाच. तोंड आणि गळा कामात असला की काहींना फरक पडतो. मोनालीला पडत होता. ती मसाल्याच्या पुड्यांवरचं वाचायची, औषधाच्या डब्यांवरचं वाचायची, वडिलांच्या पगाराची चिठ्ठीसुद्धा मोठ्याने वाचायची. उत्तमराव म्हणायचे, "हळू वाच ना, शेजारी ऐकते."

उन्हाळ्यात ती दुकानात परत गेली. गुणवंताभाऊंनी तिला झेरॉक्सच्या मशीनवर बसवलं. कागद ठेवायचा, बटन दाबायचं, कागद काढायचा. थोडे दिवस तिने ते केलं. मग एक दिवस, दुकान भरलेलं असताना, मशीनचं झाकण आपटून म्हणाली, "भाऊ, मले इथी बसवून तुम्ही उपकार करून राहिले का?"

"तसं नाही, मोनाली."

"मंग कसं?"

"शकुबाईचा अर्ज आठवते ना तुले?"

"आठवते," ती म्हणाली. "सगळा पाठ आहे मले. त्या म्हातारीवर लोक हसले ते माह्यामुळं. म्हणूनच सांगून राहिली, मले टाईप करू द्या. तुम्ही तपासा. चुकलं तर फाडा. पण मले बटन दाबायले नका ठेवू."

गिऱ्हाईकं ऐकत होती. गुणवंताभाऊंना राग आला, मग लाज वाटली, मग पुन्हा राग आला. शेवटी त्यांनी खिडकीजवळची खुर्ची रिकामी करून दिली. त्या दिवशी ते दिवसभर तिच्याशी धड बोलले नाहीत.

पूर्वीसारखं बोलण्यामागोमाग बोटं चालवणं तिला जमत नाही. आता ती माणसाला समोर बसवते आणि एकच वाक्य सांगायला लावते. हात वर करते, म्हणजे थांबा. ते वाक्य हिंदीत मोठ्याने म्हणून बघते. एखादा शब्द दोन्हीकडचा निघाला तर विचारते, "काका, खाली म्हणजे रिकामी का बुडाशी?" मग टाईप करते. मग पुढचं वाक्य. घाईतली माणसं उठून शेजारच्या दुकानात जातात. काही बसतात. काही दिवस असे असतात की तिसऱ्या वाक्यालाच तिचा चेहरा बदलतो, ती खुर्ची मागे सारते आणि काही न बोलता घरी निघून जाते. गुणवंताभाऊ अर्ज पूर्ण करतात. लग्नाचं बोलणं चालू होतं ती माणसं पुन्हा आली नाहीत. सुमनबाईंना त्याचं वाईट वाटतं. मोनालीला वाटतं की नाही ते ती सांगत नाही.

गेल्या महिन्यात ती पहिल्यांदा एकटी नागपूरला गेली. उत्तमराव स्टेशनवर सोडायला आले होते. पाण्याची बाटली दिली, डॉक्टरांचा कागद पिशवीत आहे का ते तपासलं, परत तपासलं.

"नरखेड आलं की फोन कर. काटोल आलं की कर."

"बाबा, गाडी सुटू द्या."

डब्यात गर्दी होती, पण खिडकीची जागा मिळाली. समोर एक म्हातारे गृहस्थ मांडीवर पिशवी घेऊन डोळे मिटून बसले होते. गाडीने वेग घेतला आणि थोड्या वेळाने कोणीतरी काही म्हणालं. मोनालीने इकडे-तिकडे पाहिलं. अलीकडे तिने एक करायला सुरुवात केली होती, स्वतःच्याच मनाने. कळत नसेल तर सरळ विचारायचं. लोक विचित्र पाहतात, पाहू दे.

"काका, तुम्ही काही बोलले का?"

म्हाताऱ्यांनी डोळे उघडले. "नाही बाई."

"बरं," मोनाली म्हणाली. ती खिडकीकडे तोंड करून बारीक आवाजात गुणगुणायला लागली. नरखेड आलं. तिने वडिलांना फोन केला, आली म्हणून सांगितलं, ठेवला. गाडी पुन्हा निघाली. पाय अस्वस्थ होते, तिने ते एकमेकांवर ठेवले. आवाज पुन्हा आला.

"काका, आता तुम्ही बोलले का?"

"हो ना बाई, केव्हाचा सांगून राहिलो," म्हातारे म्हणाले. "खिडकी लावून घे थोडी. धूळ येऊन राहिली."

मोनालीने उठून दोन्ही हातांनी खिडकी ओढली. ती अडकत होती. म्हाताऱ्यांनीही हात लावला.